काही चूक नसताना व्यवसायाचं चॅट अकाउंट बंद झालं. परत मिळतं का?

मिळतं, पण कधी ते तुमच्या हातात नसतं. आणि ‘काहीतरी केलंच असेल’ म्हणणाऱ्यांना आधी गप्प करा. आमच्याकडे असे एक भावजी आहेत, आयटीतले.

माझ्या जाऊबाई डोंबिवलीत दिवाळीचा फराळ करून देतात. वसुबारसेच्या आधी त्यांनी जुन्या गिऱ्हाइकांना भावपत्रक पाठवलं, एकामागोमाग एक, दरवर्षीसारखंच. संध्याकाळी अकाउंट बंद. कंपनीच्या आपोआप तपासणाऱ्या यंत्राला ते स्पॅम वाटलं असणार. हाही आमचा अंदाज, कारण कोणी सांगितलंच नाही. सगळ्या ऑर्डरी त्या चॅटमध्ये. कुणाची चकली कमी तिखट, कुणाच्या लाडवात बेदाणे नकोत, कुणाचा डबा लेकीकडे अमेरिकेला जायचा म्हणून व्हॅक्यूम पॅकिंग. भाजणी दळून आलेली आणि कुणाला काय द्यायचं ते कळेना! अपील केलं. फोन ओट्यावर ठेवून हात धुवेपर्यंत उत्तर हजर: तपासणी झाली, निर्णय कायम. एवढ्या वेळात कोणत्या माणसाने काय तपासलं? भावजी पहिल्या घाण्यातल्या चकल्या खात म्हणाले, ‘अल्गोरिदम उगाच कुणाला पकडत नाही.’ भाऊबीज उलटल्यावर अकाउंट आपोआप सुरू झालं. कारण नाही, दिलगिरी नाही.

उगाच पकडत नाही म्हणे. सॅन फ्रान्सिस्कोतल्या एका बापाने 2021 मध्ये आजारी मुलाचे फोटो डॉक्टरांना दाखवायला काढले. ते आपोआप गूगलच्या क्लाउडवर चढले, बालशोषणाचे म्हणून पकडले गेले आणि ईमेलपासून फोन नंबरपर्यंत सगळं बंद. पोलिसांनी चौकशी करून गुन्हा नाही म्हटलं, तरी कंपनी ढिम्म. बरं, यंत्राने पकडलेले असे फोटो तिथे माणूसही बघतो. म्हणजे नुसता माणूस बसवून भागत नाही. ‘हे काय आहे?’ असं समोरच्याला विचारणारा माणूस हवा. युरोपच्या डिजिटल सर्व्हिसेस कायद्याच्या कलम 20 प्रमाणे मोठ्या प्लॅटफॉर्मना अशा तक्रारींचा निकाल केवळ यंत्रावर सोडता येत नाही, जाणकार कर्मचाऱ्यांची देखरेख लागते. आपल्याकडेही हेच मागायला हवं.

तुमचं म्हणाल तर ॲपमधल्या अपिलावर थांबू नका. कंपनीच्या भारतातल्या ग्रिव्हन्स ऑफिसरला, म्हणजे तक्रार अधिकाऱ्याला, ईमेल करा, धंदा काय, मेसेज कुणाला आणि का गेले ते साध्या भाषेत लिहा. 2021 च्या आयटी नियमांप्रमाणे पोच 24 तासांत यायला हवी. निकालाची मुदत तेव्हा 15 दिवस ठेवली होती. उत्तर पटलं नाही तर 30 दिवसांच्या आत केंद्राच्या ग्रिव्हन्स अपेलेट कमिटीकडे ऑनलाइन अपील करता येतं, ही सोय 2023 पासून आहे. सणाच्या तोंडावर याचा काडीचा उपयोग नाही, हे खरं. तोवर गिऱ्हाइकांना सरळ फोन लावा.

फसवणूक करणारी अकाउंटं यंत्राने झटपट बंद करावीत, त्याला माझी ना नाही. तेवढी माणसं आणणार कुठून? आणि हे सगळं सोशल मीडिया, चॅट वगैरेंसाठी. बँकेचं खातं गोठलं असेल तर आधी शाखेत जा.