घरोघरी मोटारीचा व्हॉल्व्ह: ४२ हजार भरावेत का?

मुलुंडहून एका वाचक ताईंचं पत्र आलं आहे. त्या निवृत्त शिक्षिका आहेत. वय ६४, पेन्शन महिना ४१ हजार, १८ मजली टॉवरमध्ये चौथ्या मजल्यावर कर्ज फिटलेला टू बीएचके. गेल्या गणपतीत नवव्या मजल्यावरचं कुटुंब गावाला गेलेलं असताना त्यांच्या बाथरूममधली जेट स्प्रेची नळी फुटली आणि खालच्या तीन घरांत पाणी उतरलं. आता कमिटीचा प्रस्ताव असा: ७२ घरांपैकी प्रत्येकाने ४२ हजार भरून मोटारीवर चालणारा व्हॉल्व्ह बसवायचा. जमिनीवर ठेवलेल्या सेन्सरला पाणी लागलं की तो आपोआप बंद होतो. वर्षाची देखभाल २,५०० रुपये. गच्चीवरच्या टाकीतून खाली येणाऱ्या पाइपांवर (डाऊनटेकवर) प्रेशर कमी करणारे व्हॉल्व्ह, म्हणजे पीआरव्ही, बसवण्याचं ३ लाख ६० हजारांचं दुसरं कोटेशनही आलंय, पण ते 'पुढच्या वर्षी बघू' म्हणून बाजूला ठेवलंय. ताईंचा प्रश्न: घरातल्या व्हॉल्व्हच्या ४२ हजारांसाठी एफडी मोडू का? आणि जाता जाता त्यांनी परळमधल्या, भाड्याने दिलेल्या आपल्या तळमजल्यावरच्या गाळ्याबद्दलही दोन ओळी लिहिल्या आहेत.

ताई, एफडी मोडू नका. आणि सभेत उभं राहून सांगा, की कमिटीने क्रम उलटा लावलाय.

आधी ते कोटेशन पुन्हा वाचा. तुम्ही पाठवलेल्या फोटोत खाली बारीक अक्षरात 'एक इनलेट, तीन सेन्सर' असं आहे. इनलेट म्हणजे घरात पाणी आणणारा पाइप. ही यंत्रं मुळात अशा घरांसाठी तयार झाली जिथे रस्त्यावरून एकच पाइप घरात शिरतो. आपल्या टॉवरमध्ये तसं नसतं. गच्चीवरच्या टाकीतून निघालेले डाऊनटेक वेगवेगळ्या डक्टमधून उतरतात. किचनला एक, दोन्ही बाथरूमना एकेक, शिवाय फ्लशची लाइन बऱ्याचदा निराळी. तुमच्या घरात किती इनलेट आहेत हे शोधायला प्लंबरही लागणार नाही. सोसायटीच्या उपविधींनुसार (नियमावलीनुसार) पाणीपट्टी इनलेटच्या संख्येवर आणि आकारावर आकारायची असते, त्यामुळे सोसायटीच्या ऑफिसात ती नोंद असायला हवी. तीन इनलेट निघाले आणि व्हॉल्व्ह एकच बसवला, तर दोन बाजूंनी पाणी यायला मोकळंच. तिन्हीवर बसवायचा म्हटलं तर खर्च लाखाच्या आसपास जाणार.

दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. तुमच्या घरातला व्हॉल्व्ह मुख्यतः तिसऱ्या मजल्याचं छत वाचवतो. तुमचं छत वाचवणारा व्हॉल्व्ह पाचव्या मजल्यावर असतो, आणि तो घ्यायचा की नाही हे तुमच्या हातात नाही. म्हणजे पैसे एकाचे आणि संरक्षण दुसऱ्याचं. ७२ पैकी ४० घरांनी बसवला तर ज्यांनी पैसे भरले त्यांना त्याचा उपयोग होईलच असं नाही. अशी वस्तू घ्यायची तर सगळ्यांनी मिळून, नाहीतर कुणीच नाही. 'ज्यांना शक्य आहे त्यांनी आधी भरा' हा कमिटीचा सूर म्हणूनच मला पटत नाही.

बरं, सगळ्यांनी घेतला असं धरू. हिशोब कमिटीच्या बाजूने झुकवून मांडतो: एकाच इनलेटवर काम भागलं, यंत्र दहा वर्षं टिकलं. मग वर्षाला ४,२०० अधिक देखभाल २,५००, असे ६,७०० रुपये दर घरामागे. ७२ घरांचे मिळून ४ लाख ८२ हजार, दर वर्षी. तुम्ही इतिवृत्तातून काढून लिहिलंय की पाच वर्षांत अशा तीन घटना झाल्या आणि सगळं नुकसान मिळून सातेक लाख, म्हणजे वर्षाला सरासरी १ लाख ४० हजार. एवढं वाचवायला पावणेपाच लाखांच्या वर खर्च करायचा, आणि तोही दहा वर्षांत एकही सेन्सर, बॅटरी किंवा मोटार बदलावी लागणार नाही असं धरून. पाच वर्षांचा अनुभव फार तोकडा आहे, हे मान्य. उद्या एखाद्याच्या नव्याकोऱ्या इंटिरिअरवर पाणी पडलं तर आकडा फुगेल. पण तो तिपटीहून जास्त फुगल्याशिवाय हा व्यवहार बरोबरीतही येत नाही.

शिवाय मुंबईत खालच्या-वरच्या घरांची भांडणं बहुतेक वेळा नळी फुटल्यावरून होत नाहीत. ती होतात झिरपण्यावरून. बाथरूमचं वॉटरप्रूफिंग गेलेलं असतं, नहाणी ट्रॅपच्या कडेने पाणी उतरतं, स्लॅबला ओल धरते. हे पाणी नळातून बाहेर पडून गेलेलं असतं, त्यामुळे ते अडवणं कुठल्याच इनलेट व्हॉल्व्हच्या हातात नाही. सभेत कुणी 'आता लीकेजचा प्रश्नच मिटला' म्हणालं तर त्यांना एवढं जरूर विचारा.

एका बाबतीत मात्र हे यंत्र खरंच कामाचं आहे. पाणी गेलेलं असताना कुणीतरी नळ उघडा टाकून ऑफिसला जातं आणि टाकी भरल्यावर बेसिन वाहू लागतं. हा प्रकार आपल्याकडे नवा नाही, आणि तिथे सेन्सर धावून येतो. पण त्यासाठी ४२ हजार ही किंमत मला जास्त वाटते.

आता पीआरव्हीकडे येऊ, कारण पैसे तिथे लावायचे आहेत. पाण्याचा दहा मीटर उंचीचा स्तंभ म्हणजे साधारण एक किलो प्रेशर. तुमच्या वर चौदा मजले आणि गच्चीवरची टाकी, म्हणजे जवळपास ४५ मीटर. प्लंबरच्या भाषेत साडेचार किलो. पहिल्या मजल्यावर ते साडेपाचच्या घरात जातं. घरच्या वापराला दोन-तीन किलो भरपूर झालं. दिवसा सगळे नळ चालू असताना पाइपातल्या घर्षणात थोडं प्रेशर खर्ची पडतं. रात्री इमारत झोपली की पूर्ण भार कनेक्शन पाइप, जेट स्प्रेची नळी आणि गीझरच्या जोडांवर येतो. जेट स्प्रेच्या मागचा भिंतीतला छोटा नळ (अँगल कॉक) कुणी बंद करत नाही, त्यामुळे ती नळी अष्टौप्रहर ताणाखाली असते. नवव्या मजल्यावर जे झालं त्यात मला आश्चर्य वाटलं नाही.

पीआरव्ही हा भार सगळ्या खालच्या मजल्यांवरून एकदम कमी करतो, कुणी पैसे भरले आणि कुणी नाही हे न बघता. ३ लाख ६० हजार दहा वर्षांत वाटले तर वर्षाला ३६ हजार. जाळ्या साफ करणं, रबरी पडदे बदलणं यासाठी वर्षाला आणखी २० हजार धरा. एकूण ५६ हजार, म्हणजे दर घरामागे महिना ६५ रुपये. फुटण्याचे सगळे प्रकार त्याने थांबणार नाहीत, पण प्रमाण कमी होईल आणि गीझर, नळ, वॉशिंग मशीनही जास्त टिकतील. एक अट कोटेशनमध्ये लिहून घ्या: प्रत्येक पीआरव्हीच्या दोन्ही बाजूंना प्रेशर गेज हवा. हे व्हॉल्व्ह बिघडतात तेव्हा गुपचूप बिघडतात, पाणी येतच राहतं आणि कुणाला पत्ता लागत नाही. पंप चालवणाऱ्या माणसाने महिन्यातून एकदा काटा बघून वहीत लिहिला तर कळतं.

हा खर्च सोसायटीचा आहे. सामायिक पाइपलाइनची दुरुस्ती सोसायटीच्या माथी आणि घरातल्या संडास-सिंकची गळती सदस्याच्या माथी, अशी आदर्श उपविधींतली वाटणी आहे. त्याच उपविधींनुसार दुरुस्ती निधीत बांधकाम खर्चाच्या वर्षाला किमान ०.७५ टक्के आणि सिंकिंग फंडात किमान ०.२५ टक्के गोळा व्हायला हवेत. पीआरव्हीचे पैसे दुरुस्ती निधीतून काढायला सांगा. सिंकिंग फंड मोठ्या, संरचनात्मक कामांसाठी आहे, त्याला हात लावू देऊ नका. घरातल्या व्हॉल्व्हचे ४२ हजार कमिटीच्या नुसत्या परिपत्रकावर भरू नका, आधी सर्वसाधारण सभेचा ठराव पाहा.

तुमच्या स्वतःच्या घरात पाच-सहा हजारांत बरंच काही होईल. सगळे कनेक्शन पाइप आणि जेट स्प्रेच्या नळ्या बदलून घ्या, गीझरचा सेफ्टी व्हॉल्व्ह तपासून घ्या, आणि डक्टमधले जुने चक्रीचे गेट व्हॉल्व्ह काढून पाव फेऱ्यात बंद होणारे बॉल व्हॉल्व्ह बसवा. गेट व्हॉल्व्ह वर्षानुवर्षं न फिरवल्याने जाम होतात आणि नेमके गरजेच्या वेळी फिरत नाहीत. तुम्ही दर हिवाळ्यात दोन महिने मुलाकडे पुण्याला जाता असं लिहिलंय. निघताना हे बॉल व्हॉल्व्ह बंद केले की मोटारवाल्या व्हॉल्व्हचं काम तुम्ही हातानेच केलंत.

विमा मात्र घ्या, व्हॉल्व्ह असो वा नसो. एप्रिल २०२१ पासून सर्वसाधारण विमा कंपन्यांना 'भारत गृह रक्षा' ही एकसारख्या अटींची पॉलिसी द्यावी लागते. पाण्याच्या टाक्या आणि पाइप फुटून किंवा भरून वाहून झालेलं नुकसान त्यात येतं. विम्याची रक्कम बाजारभावावर ठरत नाही, चटई क्षेत्र गुणिले बांधकामाचा दर अशी ठरते. तुमच्या ७५० चौरस फुटांना ३,५०० रुपये दर धरला तर सव्वासव्वीस लाख. त्याच्या २० टक्के, म्हणजे सव्वापाच लाखांपर्यंत घरातलं सामान आपोआप धरलं जातं. या सोयीची कमाल मर्यादा १० लाख. दोन गोष्टी त्यात बसत नाहीत: हळूहळू झिरपून झालेली खराबी, आणि तुमच्यामुळे शेजाऱ्याचं झालेलं नुकसान. दुसरीसाठी शेजाऱ्याची स्वतःची पॉलिसी असणं हाच साधा उपाय. म्हणून सभेत व्हॉल्व्हच्या सक्तीपेक्षा 'प्रत्येकाने गृह विमा घ्यावा' हा मुद्दा मांडून पाहा. त्याला विरोध कमी होईल असा माझा अंदाज आहे.

आता परळचा गाळा. इथे माझं उत्तर उलटं आहे: व्हॉल्व्ह बसवा, आणि त्याला उशीर करू नका. तुम्ही लिहिता की जोराच्या पावसात कमोडमधून आणि जाळीतून घाण पाणी वर येतं. भरती आणि पाऊस एका वेळी आले की सखल भागातल्या वाहिन्या तुंबतात आणि पाणी उलट फिरतं. परळ-दादरच्या सखल हिंदमाता भागाजवळ महापालिकेने प्रमोद महाजन कला पार्क आणि सेंट झेवियर्स मैदानाखाली साठवण टाक्या बांधल्या आहेत, तरी तुमच्या गाळ्यात पाणी येतंच आहे. ड्रेनेजच्या बाहेर जाणाऱ्या पाइपवर एकाच दिशेने उघडणारा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह बसतो. इथे खर्च तुमचा आणि फायदाही तुमचाच, शेजाऱ्यांच्या संमतीवर काही अडत नाही. मात्र तो बंद असताना तुमचं स्वतःचं सांडपाणीही बाहेर जाणार नाही, तेव्हा भाडेकरूला सांगून ठेवा, की मुसळधार पावसात संडास वापरू नका. रस्त्यावरून दारातून शिरणारं पाणी यानं थांबणार नाही, त्यासाठी उंबऱ्याला फळी लागेल.

या खर्चाची करात वेगळी वजावट मिळेल अशी आशा धरू नका. घरभाड्याच्या उत्पन्नातून ३० टक्के सरसकट वजा होतात, तुम्ही प्रत्यक्षात कितीही खर्च केलात तरी. पैसे गाळ्याच्या दोन-तीन महिन्यांच्या भाड्यातून बाजूला काढा. मालाचा विमा भाडेकरूने स्वतःच्या नावावर काढावा, हे पुढच्या करारात घाला. आणि प्लंबरला एप्रिलमध्येच बोलवा. मे संपता संपता परळमधला प्रत्येक प्लंबर कुणाच्या ना कुणाच्या ड्रेनेजवर अडकलेला असतो.