लिफ्ट उचलत नाही? आधी पीटीओ बघा

भाऊ, ट्रॅक्टरची मागची हायड्रॉलिक लिफ्ट (अवजार उचलणारी) उचलत नसेल तर लगेच पंप खोलायची घाई करू नका. फोर्ड ८एन ट्रॅक्टरमध्ये (१९४७ ते १९५२) हायड्रॉलिक पंप पीटीओ शाफ्टवरच फिरतो, म्हणजे इंजिनची ताकद अवजाराला देणाऱ्या मागच्या दांड्यावर. पीटीओ जोडला नसेल किंवा क्लच दाबलेला असेल, तर लिफ्ट जागची हलणार नाही. बहुतेक नवख्यांचं इथेच अडतं.

मग तेल. याच्यात गिअरबॉक्स, डिफरन्शियल (मागच्या चाकांना ताकद वाटणारे गिअर) आणि हायड्रॉलिकला एकच तेल असतं. ट्रॅक्टर रात्रभर उभा ठेवा आणि सकाळी खालचा ड्रेन प्लग अगदी हळू सैल करा. पाणी जड, त्यामुळे आत असेल तर तेच आधी ठिबकेल. तेल दुधाळ दिसलं तरी आत पाणी आहे असं समजा. सगळं काढा, नवं भरा.

बरेच दिवस उभ्या ट्रॅक्टरचा कंट्रोल व्हॉल्व्ह (लिफ्टचं तेल सोडणारा-अडवणारा) अडकतो. तेल बदलल्यावर लिव्हर शांतपणे वर-खाली करत राहा.

लिफ्ट उचलते पण इंजिन बंद केल्यावर लगेच खाली बसते? मग पंप चांगला आहे, गळती सिलेंडरच्या बाजूला शोधा. उजव्या बाजूचं झाकण काढून टॉर्चने आत बघा. इंजिन चालू असताना हात आत नको. आणि उचललेल्या अवजाराखाली भक्कम आधार दिल्याशिवाय कधीच जाऊ नका.