खेड्यात राहून हाताने घडवलेले, वेगळे कपडे कुठे शोधायचे?

तुम्ही लिहिलंय, आर्णीजवळच्या गावात राहता, तालुक्याच्या दुकानात सगळे कुर्ते एकसारखे आणि ऑनलाइन मागवलं तर फोटोत एक, पार्सलमध्ये दुसरंच. छोट्या, स्वतंत्र डिझायनरांचं, हाताने केलेलं काही घालायचं असेल तर ते शोधायचं कसं, असा तुमचा प्रश्न आहे. मी भंडारा जिल्ह्यात शाळेत शिकवते आणि गेली काही वर्षं माझे बहुतेक कपडे असेच येतात, म्हणून सविस्तर लिहिते.

आधी कापड शोधा. डिझायनर त्या कापडाच्या मागे आपोआप सापडतो. मी हे उलटं करून फसले होते. बहिणीच्या लग्नासाठी एका इन्स्टाग्राम पेजवरून 'प्युअर टसर'चं, म्हणजे अस्सल जंगली रेशमाचं, जॅकेट मागवलं, 3,200 रुपये भरले. दिसायला सुरेख होतं, पण अंगात घातल्यावर दहा मिनिटांत घामाने चिंब. पुढे मोहाडीला एका विणकर काकाजींकडे गेले तेव्हा ते सोबत नेलं. त्यांनी आतल्या शिवणीतून एक धागा ओढला आणि काडी लावली. धागा वितळून त्याचा काळा, कडक मणी झाला. मग त्यांनी स्वतःच्या मागावरचा एक धागा जाळला, तर जळक्या केसांचा वास आला आणि राख चिमटीत भुगा झाली. "हा कोसा नाही होय, बाई," एवढंच म्हणाले. ही परीक्षा तुम्हीही घरी करू शकता, एक धागा पुरतो.

टसरला आमच्याकडे कोसा म्हणतात. गडचिरोली-भंडाऱ्याच्या जंगलात ऐन आणि अर्जुनाच्या झाडांवर त्याच्या अळ्या वाढतात, ढिवर समाजातली माणसं पिढ्यान् पिढ्या त्यांची राखण करत आली आहेत. आणि मोहाडी, आंधळगाव, पवनी या गावांत त्याची करवतकाठी साडी विणली जाते. काठावर करवतीच्या दात्यांसारखी नक्षी असते म्हणून हे नाव. तिला भौगोलिक मानांकनही मिळालेलं आहे.

त्या दिवशी काकाजींनी मला मागाशेजारी बसवून घेतलं. तीन धोटे, म्हणजे आडवा धागा नेणाऱ्या नळ्या, चालतात: एक मधल्या अंगाचा, दोन दोन्ही काठांचे. कोसा मधासारख्या रंगाचा, काठ लाल सुती. अंगाचा धागा काठापाशी येतो, काठाच्या धाग्याला अडकतो आणि परत फिरतो. लाल धागा कधीच अंगात शिरत नाही. "हे पाय, दोघंही आपापल्या घरी जातात," ते म्हणाले. तो सांधा बोटाने चाचपला तर अगदी बारीक उंचवटा लागतो. म्हणूनच खरी करवतकाठी उलटी केली तरी दाते तितकेच स्वच्छ दिसतात. नकली कापडात एक तर दाते छापलेले असतात, नाहीतर उलट बाजूला कापलेल्या धाग्यांची दाढी असते. तेव्हापासून कुठलंही कापड हातात आलं की मी आधी उलटी बाजू पाहते.

आता डिझायनर. पवनीला एक मुलगी आहे, नागपूरला फॅशन डिझायनिंग शिकून परत आलेली. दोन शिलाई मशीन, एक इस्त्री आणि घराची पुढची खोली, एवढंच तिचं बुटीक. फलक नाही. मला ती सापडली ती काकाजींमुळेच, कारण मागावरून उतरलेले अपुरे तुकडे तीच विकत घेते. तिने मला त्या तुकड्यांचं बिनबाह्यांचं जॅकेट शिवून दिलं. समोरच्या दोन्ही पट्ट्यांना काठ लावला आणि बटण लावल्यावर डाव्या-उजव्या बाजूचे दाते बरोबर एकमेकांसमोर येतील असं कापलं. त्यासाठी तिने आधी जुन्या चादरीचं जॅकेट शिवून मला दोनदा घालायला लावलं. कापड आणि शिलाई धरून 2,800 रुपये दिले. नागपूरच्या लग्नात तिघींनी विचारलं, कुठून घेतलं. माझ्या मते स्टायलिश म्हणतात ते हेच: कापड ओळखणारी माणसं आणि तुमच्या खांद्याचं माप घेणारी माणसं एकमेकांच्या ओळखीची असणं.

तुमच्या भागातही अशी मुलगी नक्की असेल. विणकराला विचारा, खादी भांडारातल्या माणसाला विचारा, "तुमच्याकडून कापड नेऊन छान शिवणारं कोण आहे?" आणि तुम्ही यवतमाळच्या, म्हणजे तुमच्या शेजारीच बंजारा तांडे आहेत. आरसे, कवड्या आणि रंगीत दोऱ्यांचं ते भरतकाम म्हाताऱ्या बायांच्या हातात अजून आहे. साध्या सुती कुर्त्याच्या गळ्याला किंवा पिशवीला तेवढा एक पट्टा पुरेसा होतो. मात्र जुनी फेटिया-कांचोळी, म्हणजे बंजारा बायांचा घागरा-चोळी, फाडून पट्टे विकणाऱ्यांकडून घेऊ नका, माझ्या मनाला ते फार लागतं. बाईला नवं काम सांगा, आणि घासाघीस न करता दिवसाच्या मजुरीचा हिशेब करून पैसे द्या.

रोजच्या वापरासाठी वर्धा. तिथल्या मगन संग्रहालयाचं उद्घाटन 1938 साली गांधीजींच्या हस्ते झालं. आज तिथे सेंद्रिय कापसाची, नैसर्गिक रंगांची खादी मिळते. आपल्या शेतातला कापूस कापड होऊन परत अंगावर येतो, याचं मला अजूनही अप्रूप वाटतं. खादी घेताना पन्हा, म्हणजे कापडाची रुंदी, विचारा. 36 इंच पन्ह्याला कुर्त्यासाठी जास्त कापड लागतं आणि नंतर बाही अपुरी पडली की रडू येतं. शिवायला टाकण्याआधी रात्रभर पाण्यात भिजवून सावलीत वाळवा, म्हणजे आक्रसायचं ते आधीच आक्रसेल. नैसर्गिक रंग असेल तर पुढेही उन्हात वाळवू नका, रिठ्याने धुवा. 2 ऑक्टोबरपासून खादी भांडारांत सूट असते, मी वर्षाची खरेदी तेव्हाच उरकते.

फोनवर शोधायचं असेल तर 'हँडमेड ड्रेस' असं टाकू नका, ढिगाने काहीही येतं. 'करवतकाठी', 'कोसा', 'वर्धा खादी' असं कापडाचं आणि गावाचं नाव टाका. पेज आवडलं की मेसेज करून तीन गोष्टी विचारा: कापड कुठल्या गावात विणलं, उलट बाजूचा फोटो मिळेल का, माझ्या मापाने शिवायला किती दिवस लागतील. खरं काम करणारी बाई गावाचं नाव लगेच सांगते, आणि दिवसही जास्तच सांगते. "उद्या पाठवतो" म्हणणाऱ्याकडे तयार माल पडलेला असतो. रेशमाला सिल्क मार्क आणि हातमागाला हँडलूम मार्कचं लेबल असेल तर चांगलंच, पण घरी विणणाऱ्या कित्येकांकडे ते नसतं, तेवढ्यावरून त्यांना खोटं ठरवू नका.

आणि एकदा तरी नागपूरला दक्षिण मध्य क्षेत्र सांस्कृतिक केंद्राच्या ऑरेंज सिटी क्राफ्ट मेळ्याला जा. तिथे विणकर स्वतः गाळ्यावर बसलेले असतात. पहिली चक्कर नुसती पाहायला मारा, नंबर घ्या, घेणं दुसऱ्या चकरेत. जाताना तुम्हाला नीट बसणारा एक जुना कुर्ता पिशवीत टाका. कुणी शिवून पाठवायला तयार झालं तर टेपने घेतलेल्या मापापेक्षा तो कुर्ता त्यांना जास्त कामाला येतो.