जुना डेस्कटॉप सारखा आपोआप रिस्टार्ट होतोय, दुकानदार विंडोज मारायला (पुसून नव्याने टाकायला) सांगतोय. नवीनच घेऊ का?

विंडोज मारू नका. निदान आत्ताच नको, आणि डेस्कटॉपवरच्या फायली दुसरीकडे काढून घेतल्याशिवाय तर मुळीच नको.

तुम्ही लिहिलंय की पीसी दहा-बारा वर्षांचा आहे, कधी चालू होता होताच तर कधी मध्येच रिस्टार्ट होतो, आणि दुकानात नेला की तिथे मात्र व्यवस्थित चालतो. हे शेवटचं वाचलं आणि हातातली प्रूफं बाजूला ठेवून लिहायला बसले.

आमचं बार्शीत घरातच डीटीपीचं काम आहे. लग्नपत्रिका, शाळांच्या प्रश्नपत्रिका, पतसंस्थांचे अहवाल. पीसी असेंबल केलेला, ३२ बिट विंडोज ७, कारण काम पेजमेकर या पानं लावायच्या जुन्या सॉफ्टवेअरवर, आणि जुन्या फॉन्टचं डोंगल (जी लावल्याशिवाय फॉन्ट चालत नाहीत ती किल्ली) पॅरलल पोर्टला, म्हणजे जुन्या प्रिंटरच्या रुंद सॉकेटला लागणारं. आजच्या बहुतेक मदरबोर्डना ते पोर्टच नसतं. वर्षानुवर्षांचं मॅटर नॉन-युनिकोड फॉन्टमध्ये (तो फॉन्ट नसेल तर वाचताच न येणारं) असलेल्या माणसाला ‘नवीन घ्या’ म्हणणं सोपं आहे. (कन्व्हर्टर असतात, ठाऊक आहे. त्यातून रफार आणि जोडाक्षरं कशी बाहेर पडतात तेही ठाऊक आहे.)

ऐन लग्नसराईत तो रिस्टार्ट व्हायला लागला. दिवसा कुरकुर नाही. दिवेलागणीनंतर प्रूफ काढायला गेलं की स्क्रीन काळी, बीप, पुन्हा विंडोजचा लोगो. हार्डवेअरवाला आला, न उघडताच म्हणाला व्हायरस. दुकानात नेला, विंडोज मारली, दिवसभर चालवून दाखवला. सी ड्राइव्हवरचं डेस्कटॉपचं फोल्डर गेलं, त्यात चालू कामाच्या पत्रिका होत्या. वर मलाच ऐकवलं, ‘मॅडम, महत्त्वाचं डी मध्ये ठेवायचं असतं.’ घरी आणला आणि त्याच संध्याकाळी पुन्हा तेच.

मग आमचे धाकटे भाऊजी. पुण्यात आयटीत आहेत. फोनवरून इव्हेंट व्ह्यूअर, म्हणजे विंडोजची नोंदवही, उघडायला लावलं, त्यात ‘कर्नल-पॉवर ४१’ दिसलं, आणि तिथून ड्रायव्हर अपडेट करण्यापासून ‘वहिनी, तो डबा भंगारात द्या’ इथपर्यंत मजल गेली. आता ४१ चा अर्थ एवढाच की मागच्या वेळी विंडोज रीतसर बंद झाली नव्हती. तुम्ही भिंतीतला प्लग उपटलात तरी ४१ येतो. का बंद झाली ते त्यातून बहुतेक वेळा कळत नाही. हे मी तेव्हाही म्हटलं होतं, पण टायपिंगची परीक्षा देऊन या धंद्यात आलेल्या बाईचं कोण ऐकतंय.

माझ्या लक्षात आलं होतं ते वेगळंच. लेझर प्रिंटर तापायला लागला की खोलीतली ट्यूब क्षणभर मंदावायची. संध्याकाळी आमच्या गल्लीत व्होल्टेज तसंही पडलेलं असतं. यूपीएसची बॅटरी कधीच गेली होती, म्हणून पीसी आणि प्रिंटर एकाच स्पाइक गार्डवर. तर मी पीसी चालू करताना डिलीट दाबून बायोसमध्ये (विंडोजच्या आधी येणाऱ्या, मदरबोर्डच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये) गेले आणि तिथेच सोडून दिला. बायोसच्या पडद्यावर विंडोज चालत नसते, ड्रायव्हर नसतो, विंडोजमधला व्हायरस नसतो. मग प्रिंटरवरचं बटण दाबून धरलं, तो पीसीशिवायही टेस्ट पेज काढतो. ट्यूब मंदावली, आणि पीसी बायोसमधूनच रिस्टार्ट झाला. विंडोज सुटली निर्दोष.

कारण असं. लेझर प्रिंटरचा फ्यूजर (कागदावर टोनर पक्का करणारा तापता रोलर) तापताना काही क्षण भरपूर करंट ओढतो आणि त्या लाइनवरचं व्होल्टेज खाली जातं. चांगला एसएमपीएस, म्हणजे पीसीच्या डब्यातला पॉवर सप्लाय, असा झटका पचवतो. त्यातल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये (वीज साठवणाऱ्या भागात) इतका साठा असतो की वीज पूर्ण गेली तरी पूर्ण लोडवर साधारण १६-१७ मिलिसेकंद तो काढतो. कपॅसिटर सुकला की साठा घटतो, आणि मुळात व्होल्टेज कमी असेल तर आणखीच घटतो. मग एसएमपीएस राखाडी वायरवरचा ‘पॉवर गुड’ सिग्नल काढून घेतो आणि मदरबोर्ड रीसेट होतो. विंडोजला निरोपही मिळत नाही. दुकानात प्रिंटर नव्हता, व्होल्टेज बरं होतं, म्हणून तिथे चालला.

नवीन एसएमपीएस हजाराच्या आतबाहेर आला. जुना मी टीव्ही दुरुस्त करणाऱ्या काकांना उघडायला दिला. आउटपुटकडचे कपॅसिटर डोक्यावर फुगलेले, आणि मोठ्याची क्षमता छापलेल्या आकड्याच्या बरीच खाली. नवीन बसवल्यावर मुद्दाम प्रिंटर त्याच स्पाइक गार्डवर ठेवून प्रिंट काढले. ट्यूब मंदावली, पीसी ढिम्म हलला नाही. त्यानंतरच प्रिंटर वेगळ्या प्लगवर घेतला. हे सविस्तर सांगतेय कारण दिवाळीत सगळ्यांसमोर भाऊजी म्हणाले, ‘वहिनींनी पंखा पुसला आणि झालं.’ मी पंख्याला हात लावलेला नव्हता.

आता तुमचं. आधी बायोसमध्ये ठेवून बघा, तेही घरी, ज्या प्लगवर आणि ज्या वेळेला त्रास होतो तिथेच. तिथेही बंद पडला तर विंडोजचं नाव काढू नका. बायोसमध्ये पीसी हेल्थ किंवा हार्डवेअर मॉनिटर असं पान असतं. त्यात १२ व्होल्टची लाइन ११.४ ते १२.६ मध्ये हवी, आणि प्रोसेसरचं तापमान डोळ्यांदेखत चढत जात असेल तर धूळ काढा, प्रोसेसर आणि त्यावरच्या हीटसिंकच्या मधली पेस्ट बदला, हीटसिंकच्या चारही पिना बसल्यात का पाहा. चालू होता होताच बंद पडतो तेव्हा रॅम काढून तिच्या सोनेरी पट्ट्या खोडरबराने पुसा, आणि पॉवर बटणाची वायर बोर्डवरून काढून बघा. अडकलेलं बटणही हेच नाटक करतं. बायोसमध्ये तासन्‌तास टिकला तर विंडोजच्या स्टार्टअप अँड रिकव्हरीत ‘ऑटोमॅटिकली रिस्टार्ट’ची खूण काढा. विंडोजची चूक दाखवणारा निळा पडदा आला तर तो थांबेल आणि वाचता येईल. मात्र बायोसमध्ये लोड कमी असतो, त्यामुळे अर्धमेला एसएमपीएस तिथे तगूही शकतो. निळा पडदा न येता थेट काळाच झाला तर संशय विजेवरच ठेवा.

कॅबिनेटसोबत फुकट आलेला एसएमपीएस असेल तर त्याच्या स्टिकरवरच्या ४५० वॅटवर विश्वास ठेवू नका. दुकानदाराला म्हणावं, विंडोज नंतर मार, आधी दुसरा चांगला एसएमपीएस दोन दिवस लावून दे. देत नसेल तर दुकान बदला.

एसएमपीएस स्वतः उघडू नका. प्लग काढल्यावरही आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये ३०० व्होल्टच्या वर साठा राहू शकतो. आणि मदरबोर्डवरचेच, प्रोसेसरजवळचे कपॅसिटर फुगलेले दिसले तर माझी गोष्ट तुम्हाला लागू नाही. बोर्डवर खर्च करण्यात मला तरी अर्थ वाटत नाही, तेव्हा खुशाल नवीन घ्या. फक्त हार्ड डिस्क आधी काढून घ्या.

बायोसमध्ये किती वेळ टिकला आणि त्याच लाइनवर प्रिंटर, फ्रीज किंवा मोटर आहे का, एवढं कळवा. तुमच्या प्रश्नात ते कुठेच नाही.