समाईक जनुकांची यादी हाती आली, पुढे काय?

प्रश्न : एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी टाइप २ मधुमेह आणि स्वादुपिंडाचा कर्करोग यांतले समाईक बायोमार्कर (रोगाची खूण ठरणारी जनुके) शोधतो आहे. जीईओ या जनुकांच्या सक्रियतेच्या नोंदींच्या खुल्या साठ्यातले जीएसई२५७२४ (मधुमेह) आणि जीएसई१५४७१ (कर्करोग) हे डेटासेट घेतले. वेन आकृतीत दोन्हींकडे बदललेली ५८ जनुके समाईक निघाली. पीआरएसएस१ आणि सीपीए१ सगळ्यांत वर. त्यांना बायोमार्कर म्हणू का?

उत्तर : नको. ही दोन्ही जनुके पाचक विकरे बनवणाऱ्या अ‍ॅसिनार पेशींची आहेत. निरोगी स्वादुपिंड बहुतांशी याच पेशींचे असते. गाठीत त्यांची जागा कर्कपेशी आणि तंतुमय ऊतक घेतात. चिपवर (जनुकांची सक्रियता मोजणाऱ्या पट्टीवर) जनुक 'घटलेले' दिसते, पण खरे तर त्या पेशीच उरलेल्या नसतात. मधुमेहाचे नमुने मात्र लँगरहान्सच्या बेटांचे आहेत. ही बेटे म्हणजे स्वादुपिंडाचा जेमतेम १-२ टक्के भाग. ती सोडवून घेताना अ‍ॅसिनार पेशी चिकटून येतातच, आणि कोणत्या दात्याच्या नमुन्यात किती याचा नेम नसतो. एकूण नमुने १३ (६ मधुमेही, ७ निरोगी), म्हणजे दोन-तीन नमुन्यांत भेसळ जास्त असली तरी निकाल फिरतो.

म्हणून आधी प्रत्येक नमुन्यातली पीआरएसएस१, सीईएलए३ए आणि पीएनएलआयपी या अ‍ॅसिनार जनुकांची पातळी शेजारी शेजारी मांडा. तिन्ही एकदमच वर-खाली होत असतील तर फरक पेशींच्या मिश्रणाचा आहे. त्यांची सरासरी लिमाच्या (बदललेली जनुके शोधणाऱ्या संगणकीय साधनाच्या) मॉडेलमध्ये सहचल, म्हणजे ज्याचा परिणाम वेगळा काढायचा तो घटक, म्हणून घाला आणि यादीतले काय टिकते ते पाहा.

चिपाही वेगळ्या आहेत : मधुमेहाची यू१३३ए, सुमारे २२ हजार प्रोबसंचांची (जनुक ओळखणाऱ्या तुकड्यांच्या गटांची), कर्करोगाची प्लस २.०, सुमारे ५४ हजारांची. दोन्हींवर असलेलीच जनुके धरा. जीएसई१५४७१ मध्ये गाठ आणि शेजारचे निरोगी ऊतक एकाच रुग्णाचे आहे, तेव्हा मॉडेलला जोड्या सांगायला विसरू नका.

आता ५८ या आकड्याकडे बघू. समजा दोन्ही चिपांवर असलेल्या १२,००० जनुकांपैकी एकीकडे १,२०० बदलली, दुसरीकडे ५००. निव्वळ योगायोगाने १,२०० × ५०० ÷ १२,००० = ५० जनुके जुळणारच! तुमचे आकडे घालून हायपरजॉमेट्रिक चाचणी (जुळणी योगायोगापेक्षा जास्त आहे का ते सांगणारी) करा, आणि वाढलेली व घटलेली जनुके वेगवेगळी मोजा. एकीकडे वाढलेले, दुसरीकडे घटलेले जनुक समाईक कसे म्हणायचे?

स्ट्रिंग या प्रथिनांच्या जोडण्यांच्या साठ्यातून हब (सर्वाधिक जोडण्यांची प्रथिने) काढणार असाल तर जोडणीच्या खात्रीची मर्यादा ०.४ ऐवजी ०.७ ठेवा. तिथे ज्या प्रथिनांवर लिखाण जास्त त्यांच्या जोडण्याही जास्त. सीडीके१ आणि टॉप२ए ही पेशीविभाजनाची जनुके तर भराभर वाढणाऱ्या बहुतेक गाठींत पुढे येतात. ज्या नमुन्यांवर जनुके निवडली त्यांच्यावरच एयूसी (रुग्ण आणि निरोगी वेगळे ओळखण्याच्या क्षमतेचा आकडा) काढला तर तो फुगतो. कर्करोगाच्या बाजूसाठी जीएसई१६५१५ (३६ गाठी, १६ निरोगी) शेवटपर्यंत हात न लावता राखून ठेवा.

प्रश्न : वडिलांना ६१व्या वर्षी मधुमेह निघाला. या कर्करोगाची रक्तचाचणी करावी का?

उत्तर : पन्नाशीनंतर नव्याने मधुमेह निघालेल्यांत ३ वर्षांत हा कर्करोग आढळण्याचे प्रमाण १ टक्क्याच्या आसपास आहे, त्यामुळे सरसकट चाचणी नको. प्रयत्न न करता वजन उतरत असेल आणि साखर झपाट्याने चढत असेल तर मात्र थांबू नका. गेल्या वर्षभरातल्या वजनाच्या आणि साखरेच्या नोंदी घेऊन डॉक्टरांकडे जा. एंडपॅक ही गुणपद्धत वय आणि याच दोन बदलांवर चालते. या कर्करोगासाठी रक्तात मोजतात त्या एकट्या सीए १९-९ वर भिस्त ठेवू नका : पित्तनलिका तुंबली तरी ते वाढते, आणि काही लोकांच्या शरीरात ते जन्मतःच बनत नाही.