नकाशाची कोडी विचारताय, तर आधी कोयनेचं ऐका

प्रश्न असा आहे: मुलगी पाचवीत आहे, भूगोलाच्या प्रश्नमंजूषेत भाग घ्यायचाय, नकाशावरची चांगली कोडी उत्तरांसकट सुचवा.

प्रश्नमंजूषा हा शब्द वाचला आणि हातातलं काम बाजूला ठेवून लिहायला बसले. "नद्या आहेत पण पाणी नाही, शहरं आहेत पण घरं नाहीत" हे तिला येतच असेल. इलेक्ट्रिक गाडी पूर्वेला चाललीये तर धूर कुठल्या दिशेला जाईल, कोल्हा कुठल्या शहराच्या नावात आहे, असली कोडी मला भूगोलाची वाटतच नाहीत. ती शब्दांची गंमत झाली, त्यात नकाशा उघडावाच लागत नाही. माझ्या मते नकाशाचं कोडं म्हणजे जे ऐकल्यावर पोर ॲटलस ओढून घेतं आणि बोट फिरवायला लागतं.

आता माझी गोष्ट सांगते, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही.

आम्ही अलोऱ्याच्या कॉलनीत वाढलो, चिपळूणहून कुंभार्ली घाटाकडे जाताना लागतं ते. बाबा पोफळीच्या पॉवरहाऊसला ऑपरेटर होते. सातवीत असताना, म्हणजे १९९३ साली, तालुक्याच्या प्रश्नमंजूषेत आमची टीम शेवटच्या फेरीपर्यंत गेली. टीममधे मी, माझा दादा (तो नववीत) आणि अजून एक मुलगा. शेवटचा प्रश्न आला तेव्हा आम्ही आणि समोरची शाळा बरोबरीत होतो. प्रश्न असा: "कोयना नदीचं पाणी शेवटी कोणत्या समुद्राला मिळतं?"

दादाने माझ्याकडे बघून ओठांनीच "बंगाल" म्हटलं. पण घंटी मी दाबलेली होती आणि मी उभी राहून सांगितलं, "दोन्ही. बंगालच्या उपसागरालाही आणि अरबी समुद्रालाही."

सगळा हॉल हसला. परीक्षकांनी कार्ड बघितलं, म्हणाले चूक, कोयना कऱ्हाडला कृष्णेला मिळते आणि कृष्णा पूर्वेला जाते, एवढं तर पाचवीच्या पोरालाही माहीत असतं. मी सांगायला लागले की सर, पण पोफळीला पाणी… तर ते म्हणाले खाली बस. प्रश्न समोरच्या टीमकडे गेला, त्यांनी कार्डावरचं उत्तर दिलं, ढाल त्यांना मिळाली. आमच्याच बाईंनी परत येताना एसटीत मला सुनावलं की पुस्तकात आहे तेवढंच बोलायचं, जास्त शहाणपणा करायचा नाही.

ज्यांना हा भाग माहीत नाही त्यांच्यासाठी: कोयना महाबळेश्वरला उगम पावते, सह्याद्रीला लागून सरळ दक्षिणेला येते आणि हेळवाकजवळ काटकोनात पूर्वेला वळते. तिथेच धरण आहे, मागे शिवसागर जलाशय. नकाशात बघितलं तर जलाशयाची ती लांब निळी पट्टी डोंगराच्या अगदी कडेला आहे, आणि कडा उतरला की लगेच खाली कोकण. जलाशयातलं पाणी नवजाकडून बोगद्यात घेतात, डोंगराच्या पोटातून पोफळीला खाली सोडतात, त्यावर टर्बाइन फिरतात, मग तेच पाणी कोळकेवाडीच्या धरणात अडवून परत वीज करतात आणि शेवटी कालव्याने वाशिष्ठीत सोडतात. वाशिष्ठी चिपळूणवरून दाभोळच्या खाडीत जाते, म्हणजे अरबी समुद्रात. आमच्याकडे या पाण्याला अवजल म्हणतात. आणि हे थोडंथोडकं नाही हां, धरण १०५ टीएमसीचं (टीएमसी म्हणजे अब्ज घनफूट) आणि राज्यांमधे कृष्णेचं पाणी वाटून देणाऱ्या कृष्णा लवादाने पश्चिमेला वळवायला परवानगी दिलेलं पाणी वर्षाला ६७.५ टीएमसी.

हे मी पुस्तकात वाचलेलं नव्हतं, बघितलेलं होतं. कोकणातल्या बाकीच्या नद्या मे महिन्यात गोटे उघडे टाकून बसतात, डबक्यात म्हशी बसलेल्या असतात, आणि आमची वाशिष्ठी मात्र भर उन्हाळ्यात वाहते. संध्याकाळी दिवे लागायच्या वेळेला मशिनं चालू झाली की पाणी चढायचं, दुपारी ज्या खडकावर बसून आम्ही पाय सोडलेले असायचे तो खडक सातनंतर दिसायचा नाही. पाऊस नाही काही नाही आणि नदी चढतेय! मी विचारलं तेव्हा बाबांनी सांगितलं होतं की हे महाबळेश्वरचं पाणी आहे. मला ते किती दिवस खरंच वाटलं नव्हतं.

तर त्या रात्री बाबा सेकंड शिफ्ट करून बारा वाजता आले, मी जागीच होते. जेवता जेवता त्यांनी सगळं ऐकून घेतलं, हात धुतले, जुन्या लॉगशीटची पाठकोरी बाजू घेतली आणि निळ्या पेन्सिलीने कोयना काढली, कऱ्हाडला कृष्णा काढली, डावीकडे वाशिष्ठी काढली. मधे सह्याद्रीच्या दातेरी रेघा. आणि मग त्या दातांमधून एक तुटक रेघ ओढली, नवजापासून पोफळीपर्यंत. म्हणाले, "ही रेघ तुमच्या ॲटलासात नाही, म्हणून ते हसले. तू बरोबर सांगितलंस. फक्त कुठलं पाणी कुठे जातं ते सांगायला हवं होतंस." मग बाण काढून दाखवले, पोफळीच्या मशिनातलं पश्चिमेला, पावसाळ्यात धरणाच्या सहा दरवाजांतून सुटतं ते आणि पायथा वीजगृहातलं पूर्वेला. तो कागद अजून माझ्याकडे आहे, घड्यांवर फाटलाय पण पेन्सिल तशीच आहे.

दादाचं आणि माझं यावरून आजतागायत वाजतं. त्याचं म्हणणं, स्पर्धेत विचारणाऱ्याच्या मनातलं उत्तर द्यायचं असतं, तुझ्या एका हौसेपायी ढाल गेली. माझं म्हणणं, प्रश्नात "नदी कुठे मिळते" असं नव्हतं, "पाणी" असा शब्द होता, आणि पाण्याचं उत्तर दोन्ही हेच आहे. कार्ड लिहिणाऱ्याने नकाशा बघून प्रश्न काढला असेल, पण नकाशा काढणाऱ्याने काय गाळलंय हे नाही बघितलं. आणि खरं सांगू का, "कोणत्या नदीचं पाणी दोन्ही समुद्रांना जातं" यासारखं सुंदर कोडं महाराष्ट्राच्या नकाशात दुसरं नाही, ते त्यांच्या हातात आलं होतं आणि त्यांनी मला खाली बसवलं.

असो, तुमच्या मुलीसाठी अजून काही.

महाबळेश्वरच्या एकाच डोंगरावर उगम पावणाऱ्या दोन नद्या सांग, एक पूर्वेच्या समुद्राला जाणारी आणि एक पश्चिमेच्या. कृष्णा आणि सावित्री. कृष्णा सुमारे १४०० किलोमीटर जाते, सावित्री कोकणात उतरून तेवढ्यातच समुद्राला मिळते. बोटाने दोन्ही रस्ते फिरवायला लावा, उत्तर कायमचं लक्षात राहतं.

महाराष्ट्रात सूर्य बरोबर डोक्यावर वर्षातून किती दिवस येतो? बरीच मोठी माणसंसुद्धा "रोज दुपारी बारा वाजता" म्हणतात, ते साफ चूक. कर्कवृत्त आपल्या राज्याच्या वरून जातं, त्यामुळे आपल्याकडे दोनच दिवस. मुंबईला मेच्या मध्यावर आणि जुलैच्या शेवटी, दुसऱ्या वेळी ढगांमुळे दिसत नाही ते वेगळं. आणि मेमधेसुद्धा बाराला नाही, साडेबारा उलटल्यावर, कारण आपलं घड्याळ मिर्झापूरजवळून जाणाऱ्या ८२.५ अंश रेखावृत्ताचं आणि मुंबई त्याच्या जवळजवळ दहा अंश पश्चिमेला. उभ्या बाटलीची सावली नाहीशी होताना तिला दाखवा, त्यानंतर वृत्तं पाठ करायला लागत नाहीत.

अटलांटिकमधून पनामा कालव्यात शिरलेलं जहाज पॅसिफिकमधे बाहेर पडतं, तेव्हा आधीपेक्षा पूर्वेला असतं की पश्चिमेला? पूर्वेला. तिथली जमीन आडवी वळलेली आहे, कालवा वायव्येकडून आग्नेयेला जातो. यावर मोठी माणसं हटकून चुकतात.

महाराष्ट्राला किती राज्यांची सीमा लागते हे विचारत असाल तर जुनी गाइडं वापरू नका. २ जून २०१४ पासून आंध्रची जागा तेलंगणाने घेतली, त्यामुळे राज्यं सहाच राहिली, एक नाव बदललं. शिवाय दादरा नगर हवेलीची सीमा लागते, २०२० पासून ती दमण-दीवसोबत एकाच केंद्रशासित प्रदेशात आहे, तो मुलं विसरतात.

आता एक सांगायला हवं. वार्षिक परीक्षेच्या पेपरात कोयना कुठे मिळते विचारलं तर कऱ्हाडला कृष्णेला हेच लिहायचं, ते बरोबरच आहे, उपनदी म्हणून ती कृष्णेचीच. आणि नावांची कोडी मी वर उडवून लावली पण मूल पाच-सहा वर्षांचं असेल आणि गाडीत कंटाळलं असेल तर ती चालतात, माझ्या पोरीला मीही घातलेली आहेत. पण प्रश्नमंजूषेत मुलीने वेगळं उत्तर दिलं आणि ते चूक ठरवलं, तर तिला गप्प बसायला सांगू नका. आयोजकांकडे तुम्ही स्वतः जा, नकाशा घेऊन जा, शांतपणे दाखवा. माझ्या वेळी कुणी गेलं नाही. बाबा जाणार होते, बाईंनी नको म्हटलं.

गेल्या मेमधे दादाच्या गाडीतून घाट उतरत होतो, पूल लागला, खाली वाशिष्ठी वाहत होती. त्याच्या मुलाने विचारलं, एवढ्या उन्हात हिला पाणी कुठनं? मी काही बोलायच्या आत दादाच म्हणाला, "कोयनेचं." मग आरशातून माझ्याकडे बघितलं. ढालीचा विषय त्या दिवशी त्याने काढला नाही, मीही काढला नाही.

गोदावरी अरबी समुद्रापासून किती जवळ उगम पावते आणि तरी कुठल्या समुद्राला जाते, याचं उत्तर मुद्दाम देत नाहीये. त्र्यंबकेश्वरवर पट्टी ठेवून तिला मोजू द्या, नकाशाचं प्रमाण खाली कोपऱ्यात असतं.