परदेशात घेतलेला फोन आणि त्याची वॉरंटी : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : माझी बहीण परदेशात राहते. तिने तेथे विकत घेतलेला स्मार्टफोन मला भेट म्हणून दिला. वर्ष पूर्ण होण्याआधीच त्याचा पडदा अधूनमधून काळा पडू लागला, म्हणून मी तो त्याच कंपनीच्या येथील अधिकृत सेवा केंद्रात नेला. तेथे आयएमईआय क्रमांक (प्रत्येक फोनचा स्वतंत्र ओळख क्रमांक) तपासून ‘या फोनची वॉरंटी येथे लागू नाही’ असे सांगण्यात आले. कंपनी एकच असताना असे नाकारता येते का?

उत्तर : नाकारता येते, आणि बहुतेक वेळा हा नकार कंपनीच्या छापील अटींना धरूनच असतो. खोक्यावरचे नाव सगळीकडे सारखे असले, तरी प्रत्येक देशात किंवा प्रदेशात फोन विकणारी उपकंपनी अथवा वितरक वेगळा असतो, आणि विनामूल्य दुरुस्तीचा खर्च ज्याने तो फोन आपल्या बाजारात विकला त्याच्या खात्यावर पडतो. फोनचा १५ अंकी आयएमईआय क्रमांक प्रणालीत टाकला की तो कोणत्या बाजारासाठी बनला होता हे सेवा केंद्राला लगेच कळते. ॲपलच्या एक वर्षाच्या मर्यादित वॉरंटीच्या मजकुरातच, आयफोनची सेवा तो मुळात जेथे विकला गेला त्या देशापुरती सीमित ठेवण्याची मुभा कंपनीने स्वतःकडे राखली आहे. इतर अनेक कंपन्यांच्या अटीही याच वळणाच्या असतात. लॅपटॉपला परदेशात सहज मिळणारी सेवा फोनला का मिळत नाही, असा प्रश्न यावर अनेकांना पडतो आणि तो रास्त आहे.

त्याचे एक कारण तांत्रिक आहे. फोन हे रेडिओ-उपकरण असल्याने प्रत्येक प्रदेशातील नेटवर्कच्या वारंवारतेनुसार त्याची आतली रचना बदलते. उदाहरणार्थ, २०२२ मध्ये आलेल्या आयफोन १४ मालिकेपासून अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या आयफोनमध्ये सिमकार्डाची खाचच नसते, ते केवळ ई-सिमवर, म्हणजे फोनमध्येच बसवलेल्या, कार्डाविना चालणाऱ्या सिमवर चालतात. त्याच मालिकेचे चीनच्या मुख्य भूमीसाठीचे काही फोन मात्र दोन प्रत्यक्ष सिमकार्डे घेतात. अशा फोनचा मदरबोर्ड बिघडला, तर दुसऱ्या देशातील केंद्राकडे त्या मॉडेलचा सुटा भाग नसणे स्वाभाविक आहे. पण पडदा किंवा बॅटरी हे भाग सहसा प्रदेशानुसार बदलत नाहीत. तेथे दिला जाणारा नकार तांत्रिक नसून व्यापारी असतो, असे माझे स्पष्ट मत आहे. म्हणून मोफत दुरुस्ती नाकारली गेल्यावर तेथेच थांबू नये. पैसे भरून दुरुस्ती होईल का, हे स्वतंत्रपणे विचारावे, आणि तीही नाकारल्यास नकाराचे कारण लेखी मागून घ्यावे.

आपल्या बाबतीत त्याहून महत्त्वाचा मार्ग बहिणीकडून जातो. कंपनीची वॉरंटी ही कंपनीने स्वखुशीने दिलेली हमी असते. कायद्याने ग्राहकाला दिलेले संरक्षण त्याहून वेगळे असते आणि ते बहुतेक ठिकाणी विक्रेत्याविरुद्ध असते. युरोपीय संघात १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या नियमांनुसार नव्या वस्तूत मुळात असलेल्या दोषासाठी विक्रेता किमान २ वर्षे जबाबदार असतो, आणि पहिल्या वर्षात दिसलेला दोष वस्तू हाती येतानाच होता असे धरले जाते. तसे नव्हते हे विक्रेत्याने सिद्ध करायचे असते. कंपनीची मुदत एकच वर्षाची असली तरी हा हक्क कमी होत नाही. बहिणीने फोन अशा देशातील दुकानातून घेतला असेल, तर पावती तिच्या नावावर असल्याने तिने स्वतःच दुकानाशी पत्रव्यवहार करावा. भेट म्हणून फोन देताना अनेक जण पावती देत नाहीत, कारण तिच्यावर किंमत असते. तो संकोच समजण्यासारखा आहे, परंतु पावतीची प्रत जवळ नसेल तर खरेदीची तारीख सिद्ध करणेही कठीण जाते.

प्रश्न : बिघडलेला फोन टपालाने किंवा कुरियरने मूळ देशात पाठवावा का? आणि तोवर बाहेरच्या दुरुस्तीवाल्याकडून उघडून घेतला तर वॉरंटी जाते का?

उत्तर : पाठवण्यापूर्वी बॅटरीची स्थिती पाहावी. फोनमध्ये लिथियम-आयन बॅटरी असल्याने हवाई वाहतुकीचे नियम कडक आहेत. फुगलेली, गळणारी किंवा कंपनीने सदोष ठरवून परत मागवलेली बॅटरी विमानाने पाठवण्यास मनाई आहे, आणि ती लपवून पाठवणे इतरांच्या जिवाशी खेळणे आहे. बॅटरी ठीक असल्यास आणि घरचे कोणी तिकडे जाणार असल्यास फोन हातातील सामानातून नेणे सर्वांत सोयीचे. कुरियरने पाठवायचा झाल्यास बॅटरी असल्याची नोंद करावी, आणि दुरुस्त होऊन परत येणाऱ्या वस्तूवर सीमाशुल्क लागू नये यासाठी ती दुरुस्तीसाठी जात आहे हे जातानाच्या कागदपत्रांत नमूद करावे. माहितीची प्रत काढून फोन पूर्ण रिकामा करावा आणि आपले खाते त्यावरून काढून टाकावे. मालकाच्या खात्याने कुलूपबंद राहिलेला फोन सेवा केंद्रात अडकून पडू शकतो.

बाहेर उघडून घेतल्याने प्रत्येक देशात वॉरंटी आपोआप संपतेच असे नाही, परंतु त्या दुरुस्तीमुळे झालेले नुकसान कंपनी भरून देत नाही, आणि दोष आधीचा की नंतरचा हा वाद सुरू होतो. दावा करायचा असेल तर तो निकाली निघेपर्यंत फोन उघडू नये.

प्रश्न : प्रवासात नवा फोन घेणार आहे. विक्रेता ‘आंतरराष्ट्रीय वॉरंटी’ असल्याचे सांगतो. कशावर विश्वास ठेवावा?

उत्तर : तोंडी शब्दावर नाही. खोक्यावरील पूर्ण मॉडेल क्रमांक घ्यावा, कंपनीच्या संकेतस्थळावर त्या देशासाठीचा वॉरंटीचा मजकूर वाचावा, आणि आपण राहतो तेथील सेवा विभागाला तोच क्रमांक देऊन लेखी उत्तर मागवावे. हमी उत्पादकाची आहे की केवळ दुकानाची, हेही विचारावे. दुकानाची हमी त्या दुकानाच्या दारापलीकडे सहसा उपयोगी पडत नाही. जादा पैसे भरून घेतलेल्या संरक्षण योजनेलाही देशाचे बंधन असू शकते, हे ती घेण्याआधी तपासावे. पैसे देण्यापूर्वी *#०६# दाबून दिसणारा आयएमईआय खोक्यावरच्या आणि पावतीवरच्या क्रमांकाशी जुळवावा. फोन एखाद्या दूरसंचार कंपनीला बांधलेला नाही ना, याची खात्रीही तेव्हाच करावी, कारण तसा फोन निर्दोष असूनही घरच्या सिमकार्डावर चालणार नाही आणि त्यासाठी कोणतीच वॉरंटी कामी येणार नाही.